यवतमाळच्या तांड्यावरचे पुस्तकांचे रजिस्टर

यवतमाळ जिल्ह्याचे नाव काढले की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक कापूस आणि दुसरी शेतकऱ्यांच्या आत्महत्या. दोन्ही खऱ्या आहेत. पण 16 तालुक्यांचा, पूर्वेला वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा अशा दोन नद्यांनी वेढलेला हा जिल्हा एवढ्यावर संपत नाही. 2011 च्या जनगणनेत येथील लोकसंख्या 27 लाखांवर होती. येथे कुणबी आहेत, बौद्ध आहेत, गोंड आहेत, कोलाम आहेत, बंजारा आहेत. 1963 ते 1975 अशी अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक याच जिल्ह्यातल्या, पुसदजवळच्या गहुलीचे. 2019 च्या जानेवारीत यवतमाळ शहरात 92 वे मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन कळंब तालुक्यातील वैशाली येडे या शेतकरी भगिनीने केले. ज्या बाईच्या नवऱ्याने कर्जापायी जीव दिला, ती पुस्तकांच्या मांडवात दिवा लावते, ही गोष्ट आम्हांला तेव्हापासून विसरता आली नाही.

म्हणून मागच्या डिसेंबरात सलग तीन दिवस सुट्टी मिळताच आमच्या मंडळाचे आम्ही चौघे पुस्तकांचे दोन गठ्ठे घेऊन नागपूरहून एस.टी.ने निघालो. पुसदकडच्या डोंगरात एक गुरुजी मुलांना फार चांगले वाचायला लावतात, असे एका कार्यकर्त्याकडून कळले होते. शाळा पाहावी आणि पुस्तके पोचवावीत एवढाच हेतू.

वाटेवरचा मुलूख

वर्धा ओलांडली की कळंब लागते, मग यवतमाळ. या दिवसांत दोन्हीकडे पांढरे फुटलेले कापसाचे शेत दिसते आणि त्यात कमरेला ओटी बांधून वेचणी करणाऱ्या बाया. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला गाडी आता धावत नाही. जुनी माणसे अजून तिची आठवण काढतात. तिला 1994 पर्यंत कोळशाचे वाफेचे इंजिन होते. वर्ध्याहून नांदेडकडे जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाचा कळंबपर्यंतचा तुकडा 2024 साली सुरू झाला. पुढचा प्रवास मात्र एस.टी.चाच.

पहिला मुक्काम आम्ही पांढरकवड्याच्या बाजूला केला. या भागात कोलामांच्या वस्त्या आहेत. वस्तीला येथे पोड म्हणतात. कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. त्यांची कोलामी भाषा मराठीच्या कुळातली नाही, ती तेलुगू-गोंडीच्या द्रविड कुळातली. पोडावरचे सहा वर्षांचे मूल पहिल्यांदा शाळेत येते, तेव्हा बाईंचे बोलणे त्याला परक्या मुलखातले वाटते. ते गप्प बसते आणि आपण म्हणतो, पोरगे मंद आहे. मंद ते नसते. त्याच्या घरची भाषा शाळेच्या दारातच अडवलेली असते.

आपल्या राज्यात या अडचणीवर मात केलेला एक शिक्षक सर्वांना ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले हे 2009 साली रुजू झाले. शाळेची इमारत पडकी, शेजारी गुरांचा गोठा. मुलांच्या घरची भाषा कानडी, म्हणून गुरुजी आधी कानडी शिकले. मग त्यांनी पुस्तकातील धड्यांना क्यूआर कोड जोडला. त्या चौकोनी ठिपक्यांवर मोबाईल धरला की धड्याची कविता ऐकू येते, चित्र दिसते, गोष्ट सुरू होते. पुढे शासनाने हीच पद्धत बालभारतीच्या पुस्तकांत आणली. 3 डिसेंबर 2020 रोजी डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज हा 10 लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या 9 शिक्षकांत वाटून टाकली. यंत्राचे कौतुक सगळ्यांनी केले. आम्हांला मात्र मोठे वाटते ते हे, की त्यांनी यंत्राच्या आधी मुलांची भाषा हातात घेतली.

तांड्यावरची शाळा

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुसदकडच्या त्या तांड्यावर पोचलो. शाळेचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण गुरुजींचीच तशी इच्छा. पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक गुरुजी आणि एक बाई. पट 17.

तांडा अर्धा रिकामा होता. दिवाळी झाली की या भागातील कितीतरी बंजारा कुटुंबे ऊसतोडीला जातात. घरांना कुलपे, अंगणात म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली लेकरे. शासनाने अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आणली आहे. जेथे ती नीट चालते तेथे मूल गावात राहते. जेथे नाही, तेथे मूलही बैलगाडीबरोबर फडात जाते आणि शाळा सुटते.

आम्ही कारकून माणसे. रजिस्टर दिसले की उघडून पाहतो. गुरुजींच्या टेबलावर हजेरीपटाशेजारी एक लांबट वही होती. तिच्यावर मुलांच्याच अक्षरात लिहिले होते : पुस्तकांचे रजिस्टर. आत पाच रकाने. पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव, नेल्याचा दिवस, आणल्याचा दिवस आणि शेवटी, काय आवडले. शेवटच्या रकान्यात कोणी लिहिले होते, माकड. कोणी, शेवटी आई भेटते ते. एका मुलीने लिहिले होते, काहीच नाही. आम्ही हसलो तर गुरुजी म्हणाले, "ते पण लिहायची मोकळीक आहे, साहेब. नाहीतर पोरं खोटं लिहायला शिकतील."

ऑक्टोबरपर्यंत पाने भरगच्च होती. नोव्हेंबरपासून नावे कमी झाली. काही नावांपुढे आणल्याचा दिवस कोरा होता आणि तेथे पेन्सिलीने लिहिले होते : तोडीवर सोबत नेले. अशा नऊ नोंदी आम्ही मोजल्या. जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात गुरुजींनी दोन-दोन पुस्तके दिली होती. परत आली नाहीत तर, असे विचारल्यावर ते म्हणाले, "फाटून आलं तर वाचलं असं धरतो. नाही आलं तर फडात कोणीतरी वाचत असेल. कपाटात ठेवून ते कोणाच्या कामाचं?"

हे बोलायला सोपे, करायला अवघड. आपल्याकडे शाळेच्या कपाटाला कुलूप असते. 1987 साली आलेल्या खडू-फळा मोहिमेत खेड्यापाड्यांतील शाळांना पुस्तके आणि साहित्य मिळाले. पण पुस्तक हरवले तर भरून कोण देणार, या धास्तीने किती ठिकाणी ते कपाटातच राहिले! हिशेब लिहिणारी माणसे म्हणून आम्ही सांगतो, हरवलेल्या पुस्तकाचे नुकसान थोड्या रुपयांचे असते. न वाचलेल्या पुस्तकाचे नुकसान कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

मोबाईलचे काम

शाळेत एक टॅब आहे आणि गुरुजींचा स्वतःचा मोबाईल. टॅबसाठीही पाळी लावलेली, तीही मुलांनीच लिहिलेली. बालभारतीचे 'किशोर' मासिक 1971 पासून निघते. त्याचे जुने अंक आता मोबाईलवर फुकट वाचता येतात. गुरुजी यवतमाळला गेले की ते उतरवून आणतात, कारण तांड्यावर रेंज मिळायला मागच्या टेकडीवर चढावे लागते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडचे धडेही असेच आधी साठवून ठेवतात.

पण खरे काम वेगळेच आहे. तोडीवर गेलेल्या मुलांच्या वडिलांच्या मोबाईलवर गुरुजी दर आठवड्याला आपल्या आवाजात एक धडा वाचून पाठवतात. तिकडून मूल तोच धडा वाचून पाठवते. मागे उसाच्या मोळ्या टाकल्याचा आवाज, कुत्र्याचे भुंकणे, कोणाची तरी हाक. गुरुजींनी आम्हांला दोन ऐकवले. अडखळत, पण पूर्ण धडा.

शाळेसमोरच्या घरात एक आजी राहते. तिचा नातू तिसरीत. आम्ही ओट्यावर बसलो तेव्हा ती आपणहून म्हणाली, "याचे मायबाप गेले तोडीवर. रातच्याले फोन येते. थो पुस्तक घेऊन बसते अन् वाचून दाखवते. माय तिकून ऐकते. तिले नाही येत ना वाचता." नातू लाजून आत पळाला आणि पुस्तक घेऊन पुन्हा दारात आला. आईला तो याडी म्हणतो. याडीला काल काय वाचून दाखवले, ते त्याने आम्हांलाही दाखवले. वाघाची गोष्ट होती.

कोरोनाच्या काळात, 2020 च्या मार्चपासून शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्यांच्या घरी चांगला मोबाईल नव्हता त्या मुलांचे शिक्षण थांबले. आपल्या वस्त्यांतही तेच झाले. मोबाईल आला म्हणजे शिक्षण आले, असे समजणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत. या तांड्यावर मोबाईल कामाला येतो, कारण त्याच्या दोन्ही टोकांना एकेक पुस्तक आहे आणि मध्ये एक शिक्षक आहे.

पट आणि प्रश्न

गुरुजींना काळजी आहे ती पटाची. 2023 साली शासनाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा करण्याचा विचार पुढे आणला. कागदावर हिशेब बरोबर दिसतो. मोठी शाळा, जास्त शिक्षक, चांगली प्रयोगशाळा. पण डोंगरातली चार-पाच किलोमीटरची वाट सात वर्षांच्या मुलीने, आईबाप तोडीवर असताना, म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर रोज कशी चालायची? मुलाला कदाचित पाठवतील, मुलीला घरी ठेवतील. पट 17 हा आकडा खर्चाच्या बाजूला मांडायचा की जमेच्या, हे शेवटी मांडणाऱ्याच्या मनावर असते.

आपल्याला हे वेगळे सांगायला नको. भिमराव नावाचा मुलगा चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचत बसलेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी पाहिला, त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. 1907 साली तो मॅट्रिक झाला तेव्हा झालेल्या सत्कारात त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत त्याला नेणारेही तेच. केळुसकर गुरुजी त्या मुलाच्या शाळेतले शिक्षक नव्हते. तरी त्यांनी पुस्तक दिले. त्या एका पुस्तकाचे पुढे काय झाले, ते आपण सर्व जाणतो.

आपण काय करावे

वाचक बंधु-भगिनींनो, विदर्भात जूनच्या शेवटी शाळा उघडतात. त्याआधी प्रत्येक घराने दोन पुस्तके काढावीत. जुनी गाईडे आणि फाटके कॅलेंडर नकोत. मोठ्या अक्षरांची, चित्रांची, गोष्टींची पुस्तके हवीत. प्रत्येक मंडळाने एक शाळा ठरवावी, शक्यतो रस्त्यापासून दूरची, आणि तेथे वर्षातून दोनदा जावे : जूनमध्ये पुस्तके द्यायला आणि होळीनंतर, तोडीवरची मुले परतली की, ती काय वाचून आली हे ऐकायला. पुस्तकाबरोबर एक रेघांची वहीही द्यावी आणि तिच्यात पाच रकाने आखून द्यावेत. शाळेच्या पटाचा प्रश्न आला तर पालकांबरोबर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज घेऊन जावे. अर्ज लिहायला आमच्यासारखे कारकून कधीही तयार आहेत.

आमच्या दोन गठ्ठ्यांत 64 पुस्तके होती. त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत त्यांतली 11 रजिस्टरात चढली होती.