मावशीची वही

घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. घरचे ते आपलेच, ही समजूत! ऊसतोड बायांवरच्या प्रकल्पात मावशीच्या वहीतली चार वाक्ये बिनदिक्कत घातली. सरांनी विचारले, "तिला विचारलेस?"

मी ग्रंथालयात १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडला. समीक्षेसाठी, संशोधनासाठी उतारा घेण्याची वाजवी मुभा कलम ५२ देते. पण वही छापलेली नसली तरी हक्क लिहिणारीचाच. हे मला नवीनच होते.

रविवारी गावी गेलो. भाकरी थापता थापता मावशीने सगळे ऐकले. "नाव घाल की माझं. पण ह्यांच्या दारूचं तेवढं काढ, बाबा."

नेमके तेच वाक्य प्रकल्पाचा जीव होते. रात्रभर तळमळलो. आता तीनच वाक्ये आहेत, खाली तिचे पूर्ण नाव.