ऊर्जानगर ते वरोरा : सूर्याच्या घड्याळावरचा एक दिवस

चंद्रपूर शहराच्या उत्तरेस, ताडोब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऊर्जानगर वसले आहे. 1983 मध्ये येथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि कर्मचाऱ्यांसाठी ही वसाहत नावारूपास आली. आज 2920 मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र महानिर्मितीचे सर्वांत मोठे औष्णिक केंद्र आहे. एकीकडे उंच चिमण्या, दुसरीकडे इरई धरणाचे पाणी आणि त्यापलीकडे जंगल, असा हा परिसर. वाघाला कुंपणाची ओळख नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा आणि लगतच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा बळी घेतला. त्यामुळे भल्या पहाटे सायकल काढण्याची हौस येथे कोणी करीत नाही.

डिसेंबरच्या अखेरीस, पार्श्वनाथ प्रभूंच्या जन्मकल्याणकाच्या सुमारास, चंद्रपूर परिसरातील व्यापारी कुटुंबांतील अकरा जण सायकलने नागपूरला निघाले. सर्वांत लहान प्रवासी चौदा वर्षांचा, तर सर्वांत ज्येष्ठ काकू त्रेसष्ट वर्षांच्या. तीन दिवसांचा प्रवास ठरला होता. पहिला मुक्काम वरोऱ्याला, वाटेत भद्रावतीला दर्शन-पूजा. धान्याचा व्यापार करणाऱ्या काकांनी एकच नियम घातला होता : सूर्योदयापूर्वी निघायचे नाही आणि सूर्यास्तानंतर चालवायचे नाही. साधू-साध्वी ईर्यासमिती पाळून उजेडात, पायाखाली पाहून चालतात. श्रावकाने सायकलवर तेवढी जयणा सांभाळणे कठीण, परंतु उजेडाचे बंधन तरी पाळता येते, असे त्यांचे म्हणणे. वाघाच्या मुलखात आणि कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर हा नियम व्यवहारालाही धरून होता.

पावणेसातच्या सुमारास चिमण्यांच्या आडून सूर्य वर आला. थंडीने बोटे आखडली होती. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारसी येते, तोवर मंडळी दुर्गापूर, तुकूम ओलांडून शहरात पोहोचली होती. पचक्खाण पारून, उकळलेले पाणी व खाखरे घेऊन पुढची वाट धरली. इरई नदीचा पूल आणि पडोलीचा चौक मागे पडला. येथून भद्रावतीपर्यंत ट्रकांची सोबत सुटत नाही. एका ओळीत, डाव्या कडेने, दोन सायकलींत अंतर राखून चालवावे लागते. ताडाळी येईपर्यंत पांढऱ्या टोप्यांवर काळसर थर बसला होता. ज्या विजेवर मुंबई-पुण्याची दुकाने उजळतात, तिची धूळ कोणाच्या अंगावर बसते, हे मोटारीच्या बंद काचेतून कळत नाही.

भद्रावती म्हणजे जुने भांदक. विजासनची प्राचीन बौद्ध लेणी येथेच आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाचे व्यवस्थापक चतुर्भुजभाई यांना स्वप्नात दृष्टान्त झाला आणि त्या खुणेने ते येथील पार्श्वनाथांच्या मूर्तीपर्यंत पोहोचले, अशी परंपरा सांगितली जाते. म्हणूनच या श्यामवर्ण केसरिया पार्श्वनाथांना स्वप्नदेव म्हणतात. अर्धपद्मासनातील ती भव्य मूर्ती पाहताना चौदा वर्षांच्या मुलाने काकूंना हळूच विचारले, “ते शिरपूरहून इथे कसे आले असतील हो?” काकू म्हणाल्या, “बाळा, तेव्हाच्या वाटा आजच्यासारख्या नव्हत्या. श्रद्धा होती म्हणून निघाले आणि पोहोचले.” पूजा, भोजनशाळेतील जेवण आणि थोडी विश्रांती यांत दुपारचे अडीच वाजले. वरोरा तेथून सुमारे वीस किलोमीटर. वेळेचा हिशेब अजून बरोबर होता.

तो चुकला आठ किलोमीटरवर. मुलाच्या मागच्या चाकाची ट्यूब वॉल्व्हच्या बुडाशी फाटली. तेथे ठिगळ बसत नाही आणि त्या मापाची एकुलती एक जादा ट्यूब सकाळीच खर्ची पडली होती. एक तरुण भद्रावतीला परत जाऊन नवी ट्यूब घेऊन आला. चाक बसेपर्यंत साडेचार वाजून गेले. बारा किलोमीटर राहिले होते, आणि सूर्यास्त पावणेसहाच्या आत. वरोऱ्याच्या यजमानांकडे स्वयंपाक तयार होता. वेगाने गेले तर सहा-सात जण वेळेत पोहोचून जेवले असते. काकूंना आणि आणखी दोघांना आजन्म चौविहार, आणि नेमके तेच हळू चालवणारे. मुलगा चाकाशेजारी मान खाली घालून उभा होता. आपल्यामुळे काकूंना उपाशी राहावे लागणार, हे त्याला उमगले होते.

“तुम्ही तरुण मंडळी पुढे व्हा. माझा एक दिवस निघून जाईल,” काकू म्हणाल्या.

काकांनी क्षणभर आकाशाकडे पाहिले. “कोणी पुढे जायचे नाही. ज्याच्याजवळ जे असेल ते काढा.” तुरीच्या शेताच्या बांधावर, कडुनिंबाखाली पिशव्या उघडल्या गेल्या. खाखरे, ठेपले, मेथीचे लाडू, शेंगदाण्याची चटणी. अकरा वाटे झाले. काकांनी यजमानांना फोन केला, “आमची वाट पाहू नका, तुम्ही वेळेत आटोपून घ्या.” कारण त्यांच्याही घरी चौविहार होता. पंधरा मिनिटांत पाणी पिऊन सर्वांनी पचक्खाण घेतले आणि सायकली निघाल्या. काकूंना सर्वांत पुढे ठेवले. त्यांचा वेग तोच सर्वांचा वेग. सूर्य मावळल्यावर अखेरची दोन किलोमीटर सर्वांनी उतरून, सायकली हाती धरून, रस्त्याच्या कडेने पायी पार केली. नियम मोडला नाही, फक्त वेळ लागला.

यजमानांनी तोवर अकरा जणांचे अन्न डब्यांत भरून रुग्णालयाबाहेर थांबलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना दिले होते. रात्र उलटून ते वासी होऊ दिले नाही.

वरोऱ्याजवळच बाबा आमटे यांचे आनंदवन आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी तेथे गेली. डिसेंबर 1985 मध्ये बाबांनी शंभराहून अधिक तरुण-तरुणींसह कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ सायकलयात्रा काढली होती. बाबांनी सत्तरी ओलांडलेली, आणि मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसणेही अशक्य. ते वाहनात पडून प्रवास करीत, तरुण सायकली चालवीत. पाच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर असे पार झाले. पुढे 1988 मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी यात्राही निघाली. ज्याला चालवता येत नाही त्यालाही यात्रेत जागा असते, हे तेथे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

निघण्यापूर्वी मुलाने वरोऱ्याच्या बाजारात स्वतःच्या खाऊच्या पैशांतून दोन ट्यूब घेतल्या. एक आपल्या सायकलीच्या मापाची आणि दुसरी काकूंच्या.