आखेनझेची अपुरी प्रदक्षिणा

ऑस्ट्रिया देशाच्या टिरोल प्रांतात, आल्प्स पर्वताच्या कुशीत, आखेनझे नावाचे एक सरोवर आहे. लांबी सुमारे ९ किलोमीटर, रुंदी जेमतेम १ किलोमीटर, खोली १३३ मीटर. पश्चिमेस कार्वेंडेलचे आणि पूर्वेस रोफानचे डोंगर असे उभे ठाकले आहेत की, मधले पाणी एखाद्या पन्हळीत साठल्यासारखे दिसते. तेथील लोक त्यास ‘टिरोलचा समुद्र’ म्हणतात. समुद्राची आठवण व्हावी असा वाराही तेथे आहे. या सरोवरास पायी प्रदक्षिणा घालण्याचा बेत आम्ही तिघा धर्मगुरूंनी केला. तो कसा आखला व कसा अपुरा राहिला, तेच आज वाचकांस सांगावयाचे आहे.

आदल्या सायंकाळी आम्ही नकाशा पसरून बसलो. आमच्यातले थोरले फादर सत्तरीला टेकलेले. गुडघे कुरकुरणारे, पण उत्साह दांडगा. संपूर्ण फेरी वीस किलोमीटरांहून अधिक भरते, म्हणजे विसाव्यासह सात-आठ तासांची चाल. अंतराहून मोठा प्रश्न वाऱ्याचा होता.

आपल्या किनाऱ्यावरील वाचकांस हा वारा समजावयास कठीण नाही. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, हे आपले कोळीबांधव जाणतातच. तेथेही तोच न्याय. उन्हाने डोंगरउतार तापतात, त्यांवरची हवा वर चढते, आणि तिची जागा घेण्यास उत्तरेच्या बव्हेरियाच्या मैदानातून वारा या खोऱ्यात शिरतो. सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारी फेसाळू लागते. म्हणजे आकाश निरभ्र असले की वारा नाही, असे तेथे समजू नये; उलट दिवस जितका स्वच्छ, तितका तो वारा भरवशाचा.

यावरून दिशा ठरली. पश्चिम काठावरची पायवाट अरुंद आहे. कोठे कड्यातून खोदलेली, कोठे दरडीच्या दगडगोट्यांवरून जाणारी, आणि खाली थेट पाणी. ती सकाळच्या शांत वेळी उरकावी. दक्षिणेकडील पेर्टिझाऊ गावातून निघून, सरोवर उजव्या हातास ठेवून, उत्तरेच्या स्कोलास्टिका या ठिकाणी जावे. आणि दुपारी पूर्वेच्या सोप्या काठाने परतावे, म्हणजे वारा पाठीशी राहील. वाटेत गाइसआल्म नावाचे डोंगरी कुरण व खाणावळ लागते. तेथे मोटाररस्ता नाही; एक तर पायी जावे, नाही तर बोटीने. या सरोवरात १८८७ सालापासून प्रवासी बोटी चालतात. म्हणून आम्ही एक अट घातली : दहाच्या आत गाइसआल्मला पोहोचलो तर पुढे जावे, उशीर झाला तर तेथूनच बोट धरावी. बोटींच्या वेळा लिहून घेतल्या. लोकरीचे कपडे, पाणी, पाव आणि चीज पिशवीत भरले.

बेत ठरल्यावर जवळच्या एबेन गावच्या मंदिरात गेलो. तेथे संत नोटबुर्गा हिचे पवित्र अवशेष वेदीवर आहेत. ही तेराव्या शतकातली एक मोलकरीण. चाकरांची व शेतकऱ्यांची आश्रयदाती. १८६२ साली पोप नववे पायस यांनी तिच्या भक्तीस मान्यता दिली. परंपरा सांगते की, शनिवारी सायंप्रार्थनेची घंटा झाली की काम थांबवीन, या अटीवर ती एका शेतकऱ्याकडे राहिली. एकदा मालकाने कापणी पुढे रेटण्याचा हुकूम केला, तेव्हा तिने विळा हवेत उंच फेकला आणि तो तेथेच अधांतरी राहिला!

सकाळी सातास निघालो. पाणी निश्चल, डोंगर त्यात उलटे उभे. परंतु दगडगोट्यांवर थोरल्या फादरांचे पाऊल मंदावू लागले. गाइसआल्मला पोहोचलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

आणि येथे आमची परीक्षा झाली. आकाश निळेभोर, पाण्यावर जेमतेम शहारा. “पाऊण तासाने काय बिघडते?” असे आम्हीच बोलून गेलो. तिसरे फादर गप्प राहिले. थोरले फादर काठी सावरून उठलेसुद्धा. त्यांच्या ओठांवर हसू होते; पण काठीवरचा हात थरथरत होता. तो हात पाहिला आणि आदल्या सायंकाळचा विळा आठवला. घंटा झाल्यावरही कापणी रेटू पाहणारा तो मालक, तो आम्हीच होतो.

आम्ही बोट धरली. बारा वाजण्याच्या सुमारास उत्तरेकडून वारा आला. लाटांवर पांढरे तुरे उठले व बोटीच्या कठड्यावर तुषार उडू लागले. डावीकडच्या कड्यांकडे बघत थोरले फादर हळूच म्हणाले, “फादर, पुढे चला म्हणाला असता, तर मी नाही म्हटले नसते. लाज वाटली असती.”

हे वाक्य आम्हांस फार लागले. वाट किती लांब, वारा कोणत्या दिशेचा, हे आम्ही नकाशावर नीट मोजले होते. पण सोबतीचा माणूस संकोचाने ‘नाही’ म्हणणार नाही, हे ध्यानात घेतले नव्हते. शेतावर, घरात, यात्रेच्या वाटेवर जो पुढे चालतो, त्यानेच थांबण्याची वेळ आधी ठरवावी आणि ती स्वतः पाळावी. मागच्याने ती मागावी, अशी वाट पाहू नये.

सरोवराचा उत्तर काठ पाहावयाचा राहिला. त्याची रुखरुख नाही. सायंकाळी तिघांनी मिळून मिस्सा अर्पण केली, आणि थोरले फादर वेदीपुढे आपल्या गुडघ्यांवर टेकू शकले.