बारवीच्या काठावर

आमच्या वर्गात एका मुलीने विचारलेल्या प्रश्नापासून ही गोष्ट सुरू झाली. परिसर अभ्यासाच्या तासाला नद्यांचा धडा चालू होता. फळ्यावर गोदावरी, कृष्णा, भीमा लिहून झाल्या होत्या. तेवढ्यात ती म्हणाली, "टीचर, आमच्या नळाला कोणत्या नदीचं पाणी येतं?" आम्ही लगेच "बारवी धरणाचं" असे सांगून टाकले. उत्तर चुकीचे नव्हते. पण अंबरनाथमध्ये वीस वर्षे राहूनही बारवी धरण आम्ही डोळ्यांनी पाहिलेले नव्हते, हे त्या मुलीला सांगायचे धाडस काही झाले नाही.

दिवाळीची सुट्टी लागली आणि आम्ही जायचे ठरवले. आम्ही दोघे, तीन मुले आणि दादी. दादीचे वय पंच्याहत्तरच्या पुढे आहे, गुडघे दुखतात, पण जंगल पाहायला मिळणार म्हटल्यावर त्यांनी आदल्या रात्रीच चपात्यांची कणीक मळून ठेवली. सकाळच्या लोकलने बदलापूर गाठले आणि स्टेशनबाहेरून ओळखीच्या रिक्षावाल्याला दिवसभरासाठी ठरवले. सहा जण एका रिक्षात कसे बसलो, हे वाचकांनी विचारू नये.

बदलापूर या नावाची एक कथा सगळे सांगतात. येथे घोडे बदलले जात, म्हणून बदलापूर. रिक्षावाल्यानेही ती सांगितली. धाकट्याने त्यावर विचारले, "मग आता रिक्षा बदलायची का?" शहराच्या इमारती मागे पडतात तसा रस्ता मुरबाडकडे वळतो. मुळगावची खंडोबाची टेकडी दिसते आणि नंतर झाडी दाट होत जाते. दहा-बारा किलोमीटरमध्ये माणूस टॉवरच्या जंगलातून खऱ्या जंगलात येतो, यावर आमच्या मुलांचा विश्वास बसत नव्हता.

हे पानझडीचे जंगल आहे. साग, ऐन, पळस, काटेसावर, मोह, कुडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाने अजून झाडावर असतात, पण सागाची पाने कडेने करपू लागलेली दिसतात. ऐनाच्या झाडाजवळ आम्ही थांबलो. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. एकदा पाहिले की पुन्हा विसरत नाही. हे झाड खोडात पाणी साठवून ठेवते आणि उन्हाळ्यात जंगलात राहणारी माणसे त्याचा उपयोग करून घेत. मोठ्या मुलाने खोडाला कान लावून पाहिला. काही ऐकू आले नाही, पण लाल मुंग्या मात्र कानात गेल्या.

मग एका वळणावर पाणी दिसले, आणि रिक्षातली सगळी बडबड थांबली. धरण म्हटले की भिंत आणि दरवाजे, एवढेच चित्र आमच्या मनात होते. भिंतीजवळ जायला बाहेरच्या माणसांना मनाई असते, आणि ते योग्यच आहे. पण जलाशय त्या भिंतीच्या मागे डोंगरांच्या कुशीत दूरवर शिरलेला आहे. पाण्यात टेकड्यांची बेटे झालेली आहेत. वाऱ्याने लाटा येत होत्या. दादी फक्त "सुबहानअल्लाह" म्हणाल्या आणि बराच वेळ बोलल्या नाहीत.

थोडी माहिती येथे देणे भाग आहे, कारण आम्हालाही ती नंतरच नीट समजली. बारवी ही उल्हास नदीची उपनदी. तिच्यावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे आपण ज्याला एमआयडीसी म्हणतो त्या संस्थेने, १९७२ साली धरण बांधले. कारखान्यांना पाणी मिळावे हा मूळ उद्देश. पुढे शहरे वाढली आणि तेच पाणी घराघरात जाऊ लागले. आज अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली, ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर येथपर्यंत बारवीच्या पाण्याचा वाटा जातो. पाणी धरणातून थेट नळात येत नाही. ते नदीत सोडले जाते, जांभूळ येथील बंधाऱ्याजवळ उचलले जाते, शुद्ध होते आणि मग जलवाहिन्यांतून निघते. उल्हास नदीत टाटांच्या आंध्रा धरणाचे पाणीही वीज तयार करून झाल्यावर येऊन मिळते. म्हणजे आमच्या टाकीतल्या पाण्यात दोन धरणांचा हिस्सा असतो.

बारवीची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. अखेरच्या टप्प्यात स्वयंचलित दरवाजे बसले आणि साठा सुमारे २३४ दशलक्ष घनमीटरवरून सुमारे ३४० दशलक्ष घनमीटरवर गेला. लिटरमध्ये सांगायचे तर चौतीस हजार कोटी लिटर. मुलांनी वहीवर शून्ये मोजली आणि दोघांची उत्तरे वेगवेगळी आली. उंची वाढली की पाणी पसरते, आणि पाणी पसरले की कुणाच्या तरी अंगणात शिरते. हे गणित मात्र वहीवर नव्हते. ते आम्हाला दुपारी कळले.

जलाशयाचा मागचा भाग उथळ आहे. तेथे गवत, लव्हाळी आणि चिखल यांची दलदल तयार झाली आहे. खरी गंमत आम्हाला तेथेच वाटली. खोल पाण्यात पाणकावळे बुडी मारत होते आणि बाहेर येऊन वाळत घातलेल्या काळ्या सदऱ्यासारखे पंख पसरून बसत होते. काठावर लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे चालत होते. एक खंड्या विजेच्या तारेवरून सरळ पाण्यात पडला आणि चोचीत काहीतरी घेऊन परतला. पाणवनस्पतींच्या पानांवर लांब बोटांचा कमळपक्षी हलक्या पायांनी फिरत होता. या पक्ष्यात अंडी उबवण्याचे आणि पिल्ले सांभाळण्याचे काम नर करतो, हे सांगितल्यावर दादींनी घरातल्या पुरुषमंडळींकडे ज्या नजरेने पाहिले, ती येथे लिहिता येणार नाही.

जोहरची वेळ झाली. मुलांना पहिला प्रश्न पडला तो कसरचा. आपण प्रवासात आहोत, तर चारऐवजी दोन रकात पढायच्या ना? दादी म्हणाल्या, "बदलापूरला येऊन कोणी मुसाफिर होत नाही. पूर्ण पढा." वुजूसाठी बाटल्यांतले पाणी होते, पण समोर एवढा जलाशय असताना बाटली कशाला, असे म्हणून मोठा मुलगा उतारावरून खाली गेला. तेरा वर्षांचा आहे. पोहायला येते, असे त्याला वाटते. मागे धाकटा निघाला. आम्ही दस्तरखान अंथरण्यात गुंतलो होतो.

"ए पोरा, थांब तिथंच! पुढं पाय टाकू नको!"

पलीकडच्या झाडाखाली बैल चारत बसलेला एक माणूस ओरडत धावत आला. मुलगा घोटाभर पाण्यात उभा होता. पुढे आणखी दोन-चार पावले तेवढेच पाणी असेल, असे वरून पाहणाऱ्या कोणालाही वाटले असते. त्या माणसाने हातातली काठी पुढे रोवली. ती सबंध आत गेली, हातही कोपरापर्यंत भिजला, तरी तळ लागला नाही. "ही विहीर आहे," तो म्हणाला. "आमच्या आळीची."

आमचे हातपाय थरथरत होते. मुलाला वर ओढले, त्याला काही बोलायचे भानही राहिले नाही. दादींनी आधी त्या माणसाला बसायला सांगितले आणि पाणी दिले. मग मुलांना जवळ घेतले. त्यानंतर ते गृहस्थ आमच्याबरोबरच बसले. कांदा, सुका खिमा आणि चपाती पुढे केली, पण ते माळकरी होते. त्यांनी हात जोडून फक्त चपाती आणि लोणचे घेतले.

त्यांचे घर येथेच होते. पाणी वाढले तेव्हा उठावे लागले. मोबदला मिळाला, घरटी एकाला नोकरी द्यायचे ठरले होते. बारवीचे पाणी घेणाऱ्या महापालिका, नगरपालिका आणि एमआयडीसी यांनी प्रकल्पग्रस्तांना सामावून घ्यायचे, असा तो निर्णय. त्यांच्या पुतण्याला तशी नोकरी लागली आहे. तो शहरात पाणीपुरवठ्याच्या कामावर असतो, वॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. "आमचं गाव बुडवून जे पाणी अडवलं, तेच पोरगा तुम्हाला सोडतो," असे म्हणून ते हसले. त्यांच्या बोलण्यात राग होता की नाही, ते आम्हाला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

दादींनी विचारले, "तुमच्या वाडवडिलांच्या जागा?" दादींना स्वतःच्या माहेरच्या कबरस्तानाची फार ओढ आहे, म्हणून हा प्रश्न. ते म्हणाले, "आमच्यात जाळतात, आजी. पण देवाचं ठिकाण होतं, मोहाचं मोठं झाड होतं. देव वर आणून बसवला. झाड कसं आणणार?"

त्या संध्याकाळी आम्हाला उल्हासनगरचा विचार सुचला. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली सुमारे एक लाख माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांच्या बराकींत राहिली, आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, तेही या नदीवरूनच. तेथील म्हातारी माणसे आजही सिंधमधल्या आपल्या विहिरी आणि गल्ल्यांबद्दल बोलतात. उठवल्या गेलेल्यांचे ते शहर, आणि त्याच्या नळात उठवल्या गेलेल्या आणखी काही लोकांच्या शेतावर साठलेले पाणी. आमच्या वर्गात दरवर्षी चाळीस मुले याच पाण्याच्या बाटल्या घेऊन येतात आणि निम्म्या बाटल्या सुट्टीत एकमेकांच्या अंगावर उडवतात.

वाहत्या नदीच्या काठी असलो तरी वुजूत पाणी वाया घालवू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आम्ही दीनियातच्या तासाला दरवर्षी सांगतो. ते स्वतः एका मुद्दमध्ये, म्हणजे दोन ओंजळी भरतील एवढ्या पाण्यात, वुजू करीत, हेही सांगतो. मुलांना ते परीक्षेपुरते पाठ होते. त्या दुपारी आम्ही सर्वांनी बाटलीतल्या पाण्याने वुजू केले. किती पुरले म्हणाल, तर एक लिटरच्या दोन बाटल्या सहा जणांना. तेही धाकट्याने अर्धे सांडल्यावर.

निघताना दादींनी कचरा गोळा करायला लावला. फक्त आमचा नव्हे. आधीच्या लोकांचे द्रोण, थर्माकोलच्या ताटल्या, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा, सगळे. पाण्याजवळ घाण करू नये, साठलेल्या पाण्यात तर लघवीही करू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे, पण सहलीला निघालेला माणूस हे घरी ठेवून येतो. यात आपलीही मंडळी आहेत, हे कबूल केले पाहिजे. दोन गोण्या भरल्या आणि रिक्षात पाय ठेवायला जागा उरली नाही.

परतताना वाटेत अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वालधुनीवरचा पूल ओलांडला. ही नदी काकोळ्याच्या डोंगरातून, जीआयपी तलावाच्या बाजूने येते. तो तलाव जुन्या रेल्वे कंपनीने बांधला आणि आज त्याच परिसरात प्रवाशांसाठी बाटलीबंद पाणी भरण्याचा कारखाना आहे. म्हणजे उगमाजवळ पाणी पिण्याजोगे. पाच-सात किलोमीटर खाली येईपर्यंत त्याचा रंग आणि वास बदललेला असतो. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर याच नदीत कोणीतरी टँकरमधले रसायन ओतले आणि उल्हासनगरमधील शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात न्यावे लागले होते. पुलावर मुलांनी नाकाला रुमाल लावले. सकाळपासून पाहिलेल्या पाण्याशी या पाण्याचे नाते आहे, असे त्यांना सांगूनही पटेना.

ज्यांना जायचे असेल त्यांनी पावसाळा टाळावा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धरणे आणि धबधब्यांच्या परिसरात बंदीचे आदेश काढते, आणि कोंडेश्वरच्या कुंडात दरवर्षी तरुण मुले बुडतात. धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या बारवी नदीचे पाणीही एकाएकी वाढते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हवा चांगली असते. खाण्याचे आणि पिण्याचे घरून न्यावे, कारण तेथे काही मिळेल याचा भरवसा नाही. आणि पाण्यात उतरू नये. पोहता येत असले तरी.

त्या गृहस्थांचा निरोप घेताना दादींनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि "आज तुम्ही आमचं घर राखलंत" असे म्हटले. ते संकोचले. मग म्हणाले, "मेमध्ये पाणी खाली जातं. तेव्हा या, विहिरीचा कठडा दिसतो. बाईमाणसं कपडे धुवायची तो दगड पण दाखवतो."

रिक्षा बदलापूर स्टेशनजवळ येईपर्यंत दादी गप्प होत्या. मग त्यांनी आम्हाला विचारले, "मेमध्ये तुमच्या शाळेला सुट्टी असतेच ना?"