बयोचा आवाज

पत्नीच्या स्वातंत्र्याचं नाटक म्हटलं की पटकन नोरा आठवते. इब्सेनच्या १८७९ सालच्या नाटकात ती शेवटी दार ओढून घेऊन निघून जाते. आमच्या नाशिकच्या वसंत कानेटकरांच्या ‘हिमालयाची सावली’तली (१९७२) बयो मात्र संसारातच राहते. नटीला हे काम अधिक अवघड. नोराच्या मदतीला शेवटचा प्रवेश असतो. बयोला आपलं स्वतंत्रपण प्रत्येक वाक्यात मिळवावं लागतं.

नाटकातले नानासाहेब भानू आणि त्यांची पत्नी बयो यांच्यामागे महर्षी कर्वे आणि आनंदीबाई आहेत. आनंदीबाई म्हणजे माहेरच्या गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि समाजाचा बहिष्कार सोसला. पुढे कर्व्यांनी विम्याची पॉलिसीसुद्धा विधवांसाठी काढलेल्या आपल्या आश्रमाला देऊन टाकली. अशा घरात ‘मुलांचं काय?’ हे विचारायला बाईच लागते.

तालमीत नव्या मुली पहिल्याच दिवशी बयोचं दुःख दाखवू लागतात. आवाज ओला, नजर खाली, पदर डोळ्यांशी. त्यागमूर्ती उभी राहते आणि बयो हरवते. म्हणून मी आधी त्यांच्या हातात सूप देते. तांदूळ निवडत बोला, म्हणते. नवऱ्याला सुनावताना बोटं थांबवायची नाहीत. वाक्य संपलं की एक खडा बाजूला टाकायचा आणि मगच वर बघायचं. आवाज चढवावाच लागत नाही.

बयोच्या फटकळपणाला हशा येतो, येऊ द्यावा. पण तो ओसरू लागताच पुढचं वाक्य अजिबात गोड न करता टाकायचं. हसणाऱ्या प्रेक्षकाला तेव्हा कळतं, की बाई विनोद करत नव्हती, हिशेब मागत होती. पहिल्या संचात डॉ. श्रीराम लागूंच्या नानासाहेबांसमोर बयो होती शांता जोगांची. एवढ्या मोठ्या नटासमोर उभं राहायचं तर बयोला स्वतःचं वजन हवंच.

नवऱ्यावर माया आहे म्हणून त्याला जाब विचारू नये, हे बयोला मान्य नाही. माझ्या लेखी हेच तिचं स्वातंत्र्य, आणि ते नोरापेक्षा तसूभरही कमी नाही. आनंदीबाईंनी स्वतःची हकीकत ‘माझे पुराण’मध्ये सांगून ठेवली आहे. बयो करणाऱ्या प्रत्येक मुलीने आधी ते वाचावं, मग संहिता हातात घ्यावी.