चळवळीला टेबल-खुर्ची कोण देणार?



चळवळीचा विषय निघाला की आपण नेतृत्वावर बोलतो, फुटीवर बोलतो, निधीवर बोलतो. एका गोष्टीवर मात्र बोलत नाही. ती म्हणजे जागा. बसून लिहायला, कागद ठेवायला, तालीम करायला आणि रडत आलेल्या माणसाचे म्हणणे दार लावून ऐकायला लागणारी चार भिंतींची जागा. हा प्रश्न किरकोळ वाटतो. आमच्या मते तो थेट जातीचा प्रश्न आहे.

आम्ही म्हणजे पुण्यातल्या तीन लहान संस्था आणि एक जलसा पथक. एक संस्था अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यांचा पाठपुरावा करते, दुसरी वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका चालवते, तिसरी सफाई कामगार महिलांसोबत काम करते. जलसा पथकात नऊ पोरे-पोरी आहेत. गेली चार वर्षे आम्ही सगळे भाड्याच्या दोन खोल्यांत मिळून काम करतो. आता मालकाने करार पुढे न वाढवण्याचे सांगितले आहे. म्हणून हे लिहिणे आमच्यासाठी केवळ वैचारिक नाही.

संस्था उभी करायची तर आधी पत्ता लागतो. धर्मादाय कार्यालयात नोंदणी करताना जागेचा पुरावा आणि जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचे ना-हरकत पत्र द्यावे लागते. बँक पत्ता विचारते, देणगीदार पत्ता विचारतो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या संस्थेने जागा बदलली की पुन्हा बदल अर्ज, पुन्हा हेलपाटे. आता विचार करा, हा पत्ता कोणाला फुकट मिळतो? ज्याच्या आजोबांचा वाडा आहे, काकांची बंद सदनिका आहे, वडिलांच्या ओळखीचा सभागृहवाला आहे, त्याला. त्याची संस्था पहिल्या दिवसापासून भाडे वाचवते आणि वर तिच्या ‘साधेपणाचे’ कौतुक होते. आपल्या पोरांची पहिल्या वर्षाची वर्गणी भाड्यात आणि अनामत रकमेत संपते. समाजशास्त्रात याला सामाजिक आणि आर्थिक भांडवल म्हणतात. वस्तीत त्याला साधे नाव आहे : त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही.

पैसे जमवले तरी जागा मिळतेच असे नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास करून २०१५ मध्ये दाखवून दिले की दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना डावलले जाते. आम्हाला त्याचा अनुभव कार्यालय शोधताना आला. आडनाव कळेपर्यंत खोली रिकामी असायची, कळल्यावर ती ‘नातेवाईकांसाठी ठेवलेली’ निघायची. मग आम्ही चकचकीत को-वर्किंगवाल्यांकडेही गेलो. तिथे आडनाव कोणी विचारले नाही. पण आमच्याकडे कोण येते हे कळल्यावर एका ठिकाणच्या व्यवस्थापकाने सुचवले की ‘तुमच्या बायकांना’ पुढच्या सोफ्यावर बसवू नका, मागच्या जिन्याने आणा. ज्या बायका त्या परिसरातले रस्ते झाडतात, त्यांनी सोफ्यावर बसायचे नाही! आम्ही तिथे एक दिवसही बसलो नाही.

निधी देणारेही यात मागे नाहीत. त्यांना ‘प्रत्यक्ष काम’ हवे असते, भाडे म्हणजे त्यांच्या लेखी वरखर्च. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या, स्वतःची इमारत असलेल्या संस्था हे पचवतात. आमच्यासारख्यांना परदेशी निधी मिळतच नाही, पण भाड्याकडे पाहण्याची तीच नजर इथल्या देणगीदारांचीही असते.

आपला इतिहास या बाबतीत काय सांगतो? बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. हा परिसर ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचा. म्हणजे आपल्या पहिल्या मोठ्या संघटनेचे कार्यालय दुसऱ्या संस्थेच्या आवारात होते. त्याच आवारातल्या दामोदर नाट्यगृहाने गिरणगावच्या कामगार रंगभूमीला आधार दिला. सामाजिक संस्था, कामगारांचे काम आणि नाटकवाले एका आवारात राहू शकतात, ही कल्पना परदेशातून आयात करायची गरज नाही. परळला ती शंभर वर्षांपूर्वी होती. तेच नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले तेव्हा रंगकर्मींना आंदोलन करावे लागले. जागा दुसऱ्याची असली की तिचा शेवटचा शब्दही दुसऱ्याचा असतो.

मग स्वतःची जागा हेच उत्तर आहे का? अर्धेच. दादरचे आंबेडकर भवन आपलेच होते. तिथे बुद्धभूषण छापखाना होता. २५ जून २०१६ च्या पहाटे ते पाडले गेले आणि त्याच्या मागे विश्वस्त कोण, निर्णय कोणाचा, हा वाद होता. मालकी हवीच, पण ती कोणाच्या नावावर आहे, जागा कोण वापरतो आणि निर्णय कसा होतो याचे नियम नसतील तर मालकीही चळवळीला वाचवत नाही.

म्हणून आमच्या दोन खोल्यांचे नियम इथे मांडतो. भाडे डोक्यावर नाही, वापराच्या तासांवर वाटले जाते. अभ्यासिका रोज वापरते, ती जास्त देते. जलसा आठवड्यातून तीन संध्याकाळी वापरतो, तो कमी देतो. आतली खोली मंगळवारी आणि शुक्रवारी फक्त खटल्यांसाठी राखीव असते. त्या दिवशी ढोलकीला हात लावायचा नाही, कारण गावातून आलेली आई आपल्या पोरीवर काय झाले ते सांगत असते. प्रत्येक संस्थेचे हिशेब, कपाट आणि वही वेगळी. प्रिंटर, इंटरनेट आणि चहा सामाईक. किल्ली तिघांकडे, त्यातली दोन नावे महिलांची. झाडू आणि संडास यांची पाळी भिंतीवर लावलेली आहे, त्यात अध्यक्षांचे नावही आहे. सफाई कामगारांसाठी लढणाऱ्या कार्यालयात झाडायला बाई ठेवायची नाही, हा ठराव आम्ही पहिल्याच बैठकीत केला.

एकत्र राहण्याचा फायदा फक्त पैशाचा नाही. जलशातल्या पोरांनी शेजारच्या खोलीत चाललेले काम रोज पाहिले आणि त्यांच्या गाण्यांत गटारात उतरणारा माणूस आला, कोर्टाची तारीख आली. अभ्यासिकेतल्या मुली खटल्यांचे अर्ज टाइप करायला शिकल्या. स्वतंत्र कार्यालयांत हे झाले नसते.

आता पुढचा मुद्दा. आपल्या जवळपास प्रत्येक वस्तीत विहार आहे, समाजमंदिर आहे. लोकांनी वर्गणी काढून, विटा वाहून ते बांधले. रविवारची वंदना, पौर्णिमा आणि जयंती सोडली तर यातल्या किती विहारांना आठवडाभर कुलूप असते? आम्ही आमच्या भागातल्या एका विहार समितीकडे वरचा मजला सोमवार ते शनिवार वापरायला मागितला आहे. भाडे देऊ, वीजबिल देऊ, हिशेब फलकावर लावू असे लेखी दिले आहे.

समितीतल्या ज्येष्ठांच्या शंका आम्ही हलक्यात घेत नाही. एक आजोबा म्हणाले, ‘‘बाळांनो, विहार म्हणजे कचेरी नव्हे.’’ त्यांनी हयातभर त्या वास्तूचे पावित्र्य जपले आहे. पण आजोबा, अजिंठ्याला जाऊन पाहा. जिथे स्तूप आहे ते चैत्यगृह. विहार ते, जिथे मधोमध मोठे दालन आणि भोवती लहान खोल्या आहेत. भिक्खू तिथे राहत, शिकत, शिकवत. सामाईक दालन आणि स्वतंत्र खोल्या, हीच तर आमची मागणी आहे. दुसरी शंका राजकारणाची : एकदा आत घेतलेले बाहेर निघतील का? ही शंका रास्त आहे. म्हणून पत्त्यासाठीचे ना-हरकत पत्र मुदतीचे असावे, दरवर्षी सर्वांसमोर आढावा व्हावा, आणि कोणत्याही पक्षाचा फलक लागू नये.

सरकारकडेही मागणी करायला हवी. जिल्ह्याजिल्ह्यांत सामाजिक न्याय भवने उभी आहेत. तिथला एक मजला लहान नोंदणीकृत संस्था आणि कलापथकांना माफक भाड्याने का मिळू नये? अशी धोरणे जगात होतात. टोरोंटोमध्ये ४०१ रिचमंड नावाचा जुना पत्र्याच्या डब्यांचा कारखाना १९९४ पासून कलाकार आणि सामाजिक संस्थांना भाड्याने दिला जातो. जमिनीचे मोल वाढले तसा मालमत्ता कर भाडेकरूंच्या मुळावर आला. लोक संघटित झाले आणि २०१८ मध्ये अशा जागांसाठी वेगळा, कमी कर ठरला. आपल्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले, कामगारांच्या कलापथकांना त्यात खोलीभर जागा मिळाली नाही. फरक संघटित मागणीचा आहे.

आमच्या अर्जाचा निर्णय पुढच्या महिन्याच्या बैठकीत होईल. नकार आला तर आम्ही दुसऱ्या समितीकडे जाऊ. पण एक काम तुम्हीही करा. येत्या रविवारी आपल्या विहारात जाल तेव्हा समितीला विचारा : विहार आठवड्यात किती तास उघडा असतो, वरच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, आणि वस्तीतल्या कोणत्या पोरांना बसायला जागा नाही. उत्तरे लिहून घ्या आणि तिथेच बैठकीची तारीख ठरवा.

जय भीम! नमो बुद्धाय!