शंखांतल्या पाहुण्याची ऊब

पन्हाळगड समुद्रसपाटीपासून सुमारें ३,१०० फूट उंच. पौषांतली थंडी येथें आम्हांसच सोसत नाहीं, मग समुद्रकांठच्या जीवाची काय कथा! नातवानें मुंबईहून शंखांत राहणारा खेकडा आणला, तेव्हां त्याच्या कांचेच्या पेटीस ऊब कशानें द्यावी, हा वाद घरांत माजला.

आम्हीं विजेचा दिवा सुचविला. दिव्यानें अंडीं उबतात, मग खेकडा कां उबणार नाहीं? नातू म्हणाला, “आजोबा, तो कल्ल्यांनीं श्वास घेतो. हवा सुकली तर गुदमरेल.” सूनबाईंनीं पेटीच्या तळाशीं तापणारी पट्टी सुचविली, पण कात टाकतांना तो वाळूंत स्वतःस पुरून घेतो, आणि तेथेंच आंच लागावयाची! अखेर पट्टी पाठीमागच्या कांचेस, वाळूच्या वर, चिकटविली. उष्णता २४ ते २८ अंशांत राखणारें यंत्र जोडलें. ओल टिकावी म्हणून वर झांकण घातलें.

पुढें खेकडा वाळूंत शिरला, तो महिनाभर दिसेना. मेला असें समजून आम्ही उकरावयास निघालों. नातवानें हात धरला : “आतां उकरलें तर खरोखरच मरेल.”

पस्तिसाव्या दिवशीं स्वारी बाहेर आली. जन्मभर मुलांस ‘धीर धरा’ म्हणून सांगणाऱ्या आम्हांस तो धडा त्या दिवशीं नातवापाशीं गिरवावा लागला.